मोटारसायकलचे इंजिन उजळताना

खंडे नवमीच्या सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकवावे, चित्र तेच दिसते. नळाला पाइप जोडलेला, बादलीत कपड्यांच्या साबणाचा फेस, आणि घरातला मुलगा विजार दुमडून मोटारसायकलसमोर उकिडवा बसलेला. वरच्या मजल्यावरून आईची हाक येते, "अरे, झेंडूची माळ सुकायला लागली, आटप लवकर!" टाकी पुसून होते, आरसे लखलखतात, सीटवरून ओला फडका फिरतो. मग नजर खाली इंजिनाकडे जाते आणि उत्साह थोडा मावळतो. वर्षभर गळलेले तेल, त्यावर बसलेली धूळ, पावसाळ्यातला चिखल यांची तिथे काळपट साय धरलेली असते. फडक्याने ती हलत नाही. म्हणून स्वयंपाकघरातली तारेची घासणी खाली येते. तिनेही भागेना, म्हणून न्हाणीघरातली ऍसिडची बाटली येते. तासाभरात इंजिन पांढरे दिसू लागते. हळदकुंकू वाहिले जाते, फोटो निघतो, सगळे खूश.

पंधरा दिवसांनी त्याच इंजिनावर राखाडी डाग उठतात. महिन्याभरात हात लावला की पांढरी भुकटी बोटांना चिकटते. घरातले म्हणतात, गाडी जुनी झाली.

गाडी जुनी झालेली नसते, ती चुकीची धुतली गेलेली असते. ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. कर्नाटकात आणि तामिळनाडूत आयुधपूजेला, बंगाल-बिहारकडे सप्टेंबरच्या मध्यावर येणाऱ्या विश्वकर्मा पूजेला देशभर लाखो दुचाक्या अशाच न्हाऊ घातल्या जातात. वर्षभर मळकी राहिल्याने गाडीचे जे नुकसान होत नाही, ते अशा एका सकाळीत होऊ शकते. आणि गाडीपेक्षाही अधिक मोलाचे काही, म्हणजे हाताची बोटे किंवा घरातले लहान मूल, या कामात धोक्यात येऊ शकते. त्याविषयी पुढे लिहिले आहेच.

चकाकी येते कुठून?

मोटारसायकलच्या इंजिनाचा बाहेरचा बराचसा भाग ऍल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. हलका धातू, साच्यात ओतायला सोपा आणि उष्णता चटकन वाहून नेणारा. इंजिनासाठी त्याचा उपयोग काही आजचा नाही. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, त्याच्या इंजिनाची पेटीही ऍल्युमिनियमची ओतलेली होती. आपल्याकडे १९५५ साली मद्रासमध्ये बुलेट बनवणारी कंपनी उभी राहिली, पुढच्या दशकात मैसूरहून जावा गाड्या रस्त्यावर आल्या, आणि दोन्ही बाजूंना आरशासारखी उजळलेली इंजिनाची झाकणे ही मोटारसायकलची शान ठरली. १९८५ साली आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० आली, तरी त्या चकाकीची हौस काही गेली नाही.

या धातूचा एक गमतीदार स्वभाव आहे. लोखंड उघडे पडले की गंजते, आणि तो गंज पापुद्र्यापापुद्र्याने सुटून खालचे लोखंडही खात जातो. ऍल्युमिनियम उघडे पडले की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा क्षणात संयोग होतो आणि अंगावर एक पारदर्शक, चिवट थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो, पण खालच्या धातूला चिलखतासारखा जपतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर माणिक आणि नीलम यांचा मूळ पदार्थ तोच आहे. म्हणजे इंजिनाच्या झाकणावर निसर्गानेच माणकाचा मुलामा चढवलेला असतो म्हणा ना!

मात्र हा मुलामा दोन गोष्टींपुढे हार खातो, तीव्र आम्ल आणि तीव्र क्षार. कॉस्टिक सोडा लागला की तो विरघळतो, धातूवर बुडबुडे येतात, आणि झाकण काळवंडते. संडास साफ करायचे ऍसिड लागले तर धातू कोरला जातो आणि वर चुन्यासारखा पांढरा फटक रंग येतो. पूजेच्या दिवशी घरच्यांना जी स्वच्छता वाटते, ती खरे तर झीज असते. मीठही या थराला पोखरते. म्हणून मुंबई, रत्नागिरी, पणजी, चेन्नई अशा समुद्राकाठच्या गावांत इंजिनावर पांढरे फुलोरे लवकर धरतात, आणि नागपूर किंवा जयपूरच्या कोरड्या हवेत तीच गाडी वर्षानुवर्षे तशी राहते.

हे सगळे गृहिणींना नवे नाही. कुकरमध्ये नुसते पाणी घालून डबे लावले की तळ काळा पडतो, आणि पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकले की पडत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. पाण्यातले क्षार ऍल्युमिनियमवर काळी झाक आणतात आणि सौम्य आंबटपणा ती येऊ देत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. मुलाच्या हातात धुण्याच्या सोड्याचा डबा दिसला तर तो काढून घेण्याचा पहिला हक्क आईचाच आहे. राख आणि रांगोळीचेही तसेच. चिंच लावून रांगोळीने पितळेची समई उजळते, पण इंजिनाच्या मऊ धातूवर रांगोळीचे कण ओरखडे पाडतात, आणि राख तर खरखरीत असून वर क्षारयुक्तही.

पाण्याआधीची तयारी

गाडी बाहेरून आणून लगेच धुवायला घेऊ नये. तापलेल्या धातूवर थंड पाण्याचा फवारा पडला तर भाग अचानक आकसतात, वाफेने हात पोळतो आणि साबण जागच्या जागी वाळून डाग पडतात. सायलेन्सरला उघडा हात लावून पाहण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास थांबलेले बरे. गाडी सावलीत, सपाट जागी, शक्यतो मधल्या स्टँडवर घ्यावी. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करावा.

नंतर पाणी शिरू नये अशा जागा झाकाव्यात. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घालून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, आणि तिची गाठ मोठी, डोळ्यांत भरेल अशी असावी, म्हणजे काम झाल्यावर ती सोडायची राहणार नाही. हवा आत घेणारे एअर फिल्टरचे तोंड, किल्लीचे भोक, बॅटरी आणि वायरींचे जोड यांवर पिशव्या गुंडाळाव्यात. प्लग काढू नये. त्याची टोपी घट्ट बसली आहे एवढे पाहावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत इंजिनाभोवती सेन्सर आणि त्यांच्या वायरी पुष्कळ असतात. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा त्या जोडांवर मारला की गाडी दुसऱ्या दिवशी सुरू होताना कुरकुरते आणि डॅशवर दिवा लागून राहतो. तो फवारा चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि चेनमध्येही पाणी घुसवतो, ग्रीस धुऊन नेतो. घरचा पाइप आणि हलकी धार पुरेशी असते.

तेलकट राप साबणाने निघत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गॅरेजमधला मिस्त्री रॉकेल आणि रंगाचा जुना ब्रश वापरत आला, आणि अजूनही तीच रीत चालते. रेशनचे निळे रॉकेल आता अनेक राज्यांत मिळेनासे झाले आहे. तेव्हा काही जण डिझेल घेतात, काही दुकानात मिळणारे डीग्रीझर आणतात. डीग्रीझर घेताना डब्यावर ते ऍल्युमिनियमला चालते असे लिहिलेले पाहून घ्यावे, कारण स्वस्तातल्या काही द्रवांत कॉस्टिकच असतो. पेट्रोल मात्र कदापि वापरू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते, आणि चार हातांवर पेटवलेली ज्योतसुद्धा भडका उडवायला पुरते. पूजेच्या दिवशी तर उदबत्ती आणि निरांजन जवळच असतात.

ब्रश रॉकेलात बुडवून तेलकट जागांवर फिरवावा, दहा मिनिटे मुरू द्यावे, पुन्हा ब्रश मारावा. वाळलेले गठ्ठे बोथट लाकडी काडीने खरवडावेत, पेचकसाने नव्हे. इंजिनाच्या डोक्यावर आणि ब्लॉकवर एकावर एक रचलेले जे धातूचे कंगोरे असतात, ज्यांना मिस्त्री फिन म्हणतात, त्यांच्या फटींत बाळाची दुधाची बाटली घासायचा जुना ब्रश मस्त शिरतो. या फटी साफ करणे हे सबंध कामातले सर्वांत उपयोगाचे काम आहे. हवेने थंड होणारे इंजिन आपली उष्णता या कंगोऱ्यांतून वाऱ्याला देते. तिथे चिखलाचा आणि तेलाचा लेप बसला की इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखे होते. झाकणे आरशासारखी चमकत आहेत आणि फटी चिखलाने बुजल्या आहेत, अशा गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात. इंजिनाला मात्र झाकणाच्या चमकेचे काही सोयरसुतक नसते.

रॉकेल ब्रेकच्या शूवर, डिस्कवर किंवा टायरवर उडू देऊ नये. चाकांवर जुने पोते टाकून ठेवावे. रबरी भागांवर ते फार वेळ राहिले की रबर फुगते, तेव्हा ते लगेच पुसावे. शेवटी गाडी धुण्याच्या शाम्पूच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पाणी घालावे, सुती फडक्याने टिपावे, पिशव्या आणि बोळे काढावेत आणि इंजिन पाच मिनिटे चालू ठेवावे. आतल्या सांध्यांतले पाणी त्या उबेने उडून जाते. धुतलेले काळे रॉकेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. परातीत धरून डब्यात साठवावे आणि जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

बोटे आणि बाटली

आता ज्या दोन गोष्टींचा उल्लेख आधी केला त्या.

पहिली चेन. इंजिन धुताना चेनही धुवायची असते, आणि ती फिरती ठेवली की काम भराभर होते, असे कुणाच्याही मनात येते. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर, चाक आपोआप फिरते आहे, आणि एका हातात धरलेला फडका चेनवर टेकवला आहे. असे करताना मुले सर्रास दिसतात. फडक्याचा कोपरा दातऱ्यात अडकायला निमिष पुरते, आणि फडक्यामागून बोट जाते. बोट चेन आणि दातऱ्याच्या मध्ये सापडले की बहुधा तुटतेच. ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. चेन साफ करताना इंजिन बंदच हवे, किल्ली काढून खिशात हवी, आणि चाक हाताने, तेही फडका बाजूला ठेवून, थोडे थोडे फिरवायचे. मधला स्टँड नसेल तर गाडी वीतभर पुढे ढकलून पुढचा तुकडा पुसावा. वेळ लागतो, लागू द्यावा. लहान भावंडांना "जरा चाक फिरव रे" असे सांगून मदतीला घेऊ नये.

दुसरी गोष्ट रॉकेलची बाटली. उरलेले रॉकेल हटकून थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले जाते आणि जिन्याखाली ठेवले जाते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती बाटली सरबताचीच वाटते. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा श्वासनलिकेत गेलेले रॉकेल घातक असते. ठसका लागतो, ते फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनियासारखी अवस्था होते. म्हणूनच अशा वेळी घाबरून मीठ-पाणी पाजणे, घशात बोट घालून उलटी करवणे ही मोठी चूक ठरते, कारण उलटीबरोबर रॉकेल पुन्हा घशाशी येते आणि फुफ्फुसात जायची आणखी एक संधी त्याला मिळते. मुलाचे भिजलेले कपडे काढावेत, अंग पुसावे, काही न पाजता तडक रुग्णालयात न्यावे आणि सोबत ती बाटलीही न्यावी. त्याहून सोपे म्हणजे रॉकेल आणि डीग्रीझर मूळ डब्यातच, चिठ्ठी चिकटवून, कुलपात ठेवणे.

याच संदर्भात 'मेटल ब्राइटनर' म्हणून मिळणाऱ्या द्रवांबद्दल एक शब्द. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लुओरिक ऍसिड असते. ते अंगावर सांडले तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण कातडीखाली खोल शिरत हाडापर्यंत इजा करते. घरच्या अंगणात असल्या द्रवाला जागाच नाही.

पॉलिश करण्याआधी ओळख

गाडी वाळली. आता चमक. इथे आधी एक प्रश्न विचारायचा, इंजिनावर मुळात काय आहे?

अलीकडच्या कितीतरी मोटारसायकलींची इंजिने काळ्या रंगाची असतात. तो रंग आहे, धातू नव्हे. त्यावर मेटल पॉलिश घासले तर रंग उडतो किंवा निस्तेज काळ्यावर तुळतुळीत डाग पडतात. शाम्पूचे पाणी आणि मऊ फडका, बस्स. काही इंजिने चंदेरी रंगाची असतात, तीही तशीच. तिसरा प्रकार म्हणजे घासून चमकवलेल्या धातूवर पारदर्शक लॅकर. हे लॅकर जुने झाले की पिवळट पडते आणि त्याच्या कडेने आत ओल शिरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. हा डाग वरून कितीही घासला तरी जात नाही, कारण तो लॅकरच्या खाली असतो. आधी लॅकर उतरवावे लागते. चौथा प्रकार जुन्या बुलेटच्या झाकणांचा, ज्यावर काहीही नसते, नुसता उजळलेला धातू. पॉलिश लावून घासायचे सुख खरे इथेच. जुन्या बुलेटचा ब्लॉक मात्र ओतीव लोखंडाचा असतो, तो तांबडा गंजतो. त्याला पॉलिश नको, गंज ब्रशने काढून उष्णता सोसणारा रंग हवा.

ओळखायची सोपी खूण अशी. झाकणाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चिंधीने थोडे मेटल पॉलिश घासून पाहावे. चिंधी लगेच काळी झाली तर हाताखाली उघडा धातू आहे. काळी झाली नाही तर वर लॅकर आहे. चिंधीला रंग लागला तर तिथेच थांबावे.

उघड्या धातूवर नुसती मरगळ आली असेल तर ब्रासोसारखे पॉलिश आणि जुन्या बनियनचा तुकडा पुरतो. थोडे पॉलिश घ्यावे, लहान लहान गोल फिरवत घासावे, वाळू द्यावे, कोरड्या तुकड्याने पुसावे. चिंधीवर येणारा काळा रंग हा मळ नसून झिजलेले ऍल्युमिनियम असते. म्हणजे "अजून काळे येतंय, अजून घास" असे केले तर काळे येणे थांबणारच नाही. आपला चेहरा दिसला की हात थांबवावा.

ओरखडे किंवा पांढरे फुलोरे खोल असतील तर पॉलिश पेपर लागतो. पाण्यात चालणारा काळा पेपर घ्यावा. ४०० नंबरने सुरुवात करावी, मग ६००, ८००, १००० आणि शेवटी १५००. पेपर पाण्यात बुडवून, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, हलक्या हाताने घासायचे. नंबर बदलला की घासण्याची दिशाही बदलायची, आधी उभी, मग आडवी. आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे त्यामुळे स्पष्ट दिसते. एकही नंबर गाळू नये. घाई करून ४०० वरून थेट पॉलिशवर उडी मारली तर झाकण उन्हात चमकते खरे, पण त्या चमकेत कोळ्याचे जाळे दिसते. एका झाकणाला एक संध्याकाळ सहज लागते. टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून, झाकण मांडीवर घेऊन करण्यासारखे हे काम आहे. फक्त झाकण सोडवले तर ऑइल आधी काढावे लागते आणि पॅकिंग नवे घालावे लागते, हे लक्षात ठेवावे. झाकणाची जी कड पॅकिंगवर टेकते, तिला पेपर लावायचा नाही. तिथे केसाएवढा खड्डा पडला तरी ऑइल गळायला लागते.

तारेच्या घासणीचा मोह टाळावा. तिचे लोखंडी कण मऊ ऍल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उमटतात. कंगोरेही आरशासारखे घासायच्या मागे लागू नये. गुळगुळीत चमकीत धातूपेक्षा काळा, खडबडीत पृष्ठभाग उष्णता अधिक सहज बाहेर टाकतो. कारखान्याने तिथे काळा रंग दिला असेल तर तो काही काटकसर म्हणून दिलेला नसतो.

सायलेन्सर आणि मडगार्डवरच्या क्रोमला तांबूस ठिपके पडले असतील तर पोळ्या गुंडाळायची फॉइल कामाला येते. चुरगळून, पाण्यात बुडवून हळुवार घासली की वरवरचा गंज निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने क्रोमला ओरखडा येत नाही. क्रोमचा पापुद्राच सुटला असेल तर मात्र पुन्हा प्लेटिंगवाचून उपाय नाही. सायलेन्सरच्या वळणावरची निळी-सोनेरी झाक उष्णतेची असते. पॉलिशने फिकी होते, चार दिवसांनी परत येते. तिच्या नादी न लागलेले बरे.

बफिंगवाल्याकडे जाताना

दिल्लीचे करोलबाग, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, पुण्याची नाना पेठ. जुन्या गाडीचे वेड असलेल्यांना हे पत्ते तोंडपाठ असतात. अशा बाजारांच्या आसपास बफिंगची छोटी दुकाने असतात. विजेवर गरगरणारे कापडी चाक, त्यावर पॉलिशची वडी टेकवायची आणि झाकण धरायचे. संध्याकाळभराचे काम दहा मिनिटांत होते आणि चमकही हातच्या कामाहून सरस येते. पण चाकाला धारदार कड आणि गोलाई यांतला फरक कळत नाही. घाईच्या हाताखाली कडा बोथट होतात, स्क्रूची भोके बशीसारखी पसरतात, झाकणावर कोरलेली कंपनीची अक्षरे अर्धी पुसली जातात. अक्षरे जपायची आहेत हे आधीच तोंडाने सांगावे, आणि शक्य तर समोर उभे राहून काम करून घ्यावे.

उभे राहिल्यावर कारागिराकडेही पाहावे. तोंडाला नुसता रुमाल, डोळ्यांना काही नाही, आणि कपाळापासून पायापर्यंत काळ्या धुळीचा थर. ही धूळ रोज छातीत जाते. ऍल्युमिनियमची बारीक भुकटी पेटही घेते, म्हणून लोखंड घासून ठिणग्या उडवणारे यंत्र त्याच कोपऱ्यात असणे धोक्याचे. घरी ड्रिलला बफचे चाक लावून हा उद्योग करणाऱ्यांनी चष्मा आणि चांगला मास्क लावावा, सैल बाही आणि ओढणी दूर ठेवावी.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. बहुतेक गाड्यांत इंजिनाचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि तो नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. घासता घासता, किंवा बफखाली, ते आकडे पुसट झाले की चमकलेली गाडी कागदोपत्री संशयित बनते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी किंवा गाडी विकताना आरटीओमध्ये नंबर तपासला जातो. खाडाखोड झालेला नंबर म्हणजे चोरीची गाडी, अशीच शंका आधी येते, आणि "साहेब, पॉलिश करताना गेला" हे उत्तर कुणाला पटवायचे? वडिलांनी हौसेने घेतलेली, त्यांच्यामागे मुलाने उजळायला काढलेली बुलेट या एका कारणाने नावावर होता होता अडकू शकते. काम सुरू करण्याआधी नंबरावर कागदी टेप चिकटवावी आणि त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. ती जागा मळकट राहिली तरी चालेल.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले. मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरे असलेला खास नोंदणी क्रमांक मिळू शकतो. तिथे महत्त्व मूळपणाला आहे. आजोबांच्या गाडीची झाकणे आरशासारखी करून वर क्रोमही चढवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. थोडीशी मरगळ त्या वयाला शोभते.

स्वच्छ इंजिनावरचा पहिला थेंब

उजळलेल्या धातूवर शेवटी पातळ मेण लावले की पुढची मरगळ लांबते. पण डोक्यावर आणि सायलेन्सरवर नको, तिथे मेण जळून डाग पडतो. कोरड्या गावात ही चमक काही महिने टिकते, कोकणच्या पावसात काही आठवडे. इंजिन झाकण्याच्या काळजीने त्यावर ओले कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नये. आत दमटपणा कोंडतो आणि सगळे मुसळ केरात.

मळ निघाला की एक गोष्ट प्रथमच शक्य होते. ऑइल नेमके कुठून गळते ते दिसते. मळाखाली सगळे इंजिनच तेलकट होते, तेव्हा मिस्त्रीही अंदाजाने पॅकिंगे बदलत होता. आता घरातला टाल्कम पावडरचा डबा आणावा. संशय असलेल्या सांध्यांवर, ब्लॉकच्या बुडाशी, क्लचच्या झाकणाच्या कडेला पावडर भुरभुरावी आणि गाडी दहा मिनिटे फिरवून आणावी. जिथून गळती आहे तिथली पावडर ओली, काळी होते, बाकीची पांढरी राहते. पुढच्या दातऱ्यामागचे सील गळत असेल तर ते ऑइल चेनवरून मागच्या टायरपर्यंत पोचते, आणि वळणावर गाडी घसरते ती अशा टायरवरून. मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल बसवून फिरणाऱ्या देशात काही रुपयांचे हे सील चमकणाऱ्या झाकणापेक्षा आधी बदलायला हवे.

रात्री गाडी उभी करताना इंजिनाखाली एक स्वच्छ पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवावा, आणि चाके जिथे टेकली तिथे त्यावर खडूने खुणा कराव्यात. सकाळी त्यावर काळपट थेंब असेल तर इंजिनाचे ऑइल, पुढच्या चाकाजवळ तेलकट ठिपका असेल तर फोर्कचे, आणि डाग न पडता नुसता वास येत असेल तर पेट्रोल. तसे असेल तर गाडी सुरू न करता कॉक बंद करून मिस्त्रीला घरी बोलवावे. येताना त्याला पुठ्ठा दाखवायचा म्हणून तो जपून ठेवावा, नाहीतर केर काढणाऱ्या मावशी तो सकाळीच उचलून नेतात.